बातम्या देत आहेत मोकल गुरुजी

आमच्या शाळेत रडायचं असेल तर आधी बातमी द्यावी लागे. हा नियम मोकल गुरुजींचा.

मी नव्यानं रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी दुसरीतला एक पोरगा गुडघा फोडून घेऊन भोकाड पसरत वर्गात आला. मी धावले. गुरुजींनी हातानंच मला थांबवलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि विचारलं, "कुठं?"

"पायाला..."

"पाय दिसतोय मला. घडलं कुठं?"

"चिंचेखाली."

"कधी?"

"आत्ता."

"घंटेच्या आधी का नंतर?"

पोरगा विचारात पडला. हुंदका अर्ध्यातच राहिला. "आधी."

"ढकललं कुणी?"

"कुणी नाय. मीच पडलो."

"साक्षीदार?"

"गण्या."

"आण त्याला."

पोरगा त्याच फुटक्या गुडघ्यावर पळत गेला आणि गण्याला घेऊन आला तेव्हा दोघंही हसत होते. मग गुरुजींनी कपाटातून औषधाची बाटली काढली, कापसानं जखम पुसली आणि म्हणाले, "आता रडलास तरी चालंल." पण रडायला पोराकडे आता वेळ नव्हता. गण्याला आपण नेमके कसे पडलो ते दाखवायचं राहिलं होतं.

रोह्याहून वरसे ओलांडलं की पुढं आमचं गाव. दोन खोल्यांची शाळा, चार इयत्ता आणि आम्ही दोन शिक्षक. गुरुजी मुख्याध्यापक, म्हणजे घंटा वाजवायची तीही त्यांनीच. मी मूळची पेणची. गुरुजी धरमतरच्या खाडीकाठचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. त्यामुळे त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. एक घरची, नाय-हायची. दुसरी बातम्यांची. ती इतकी शुद्ध, की ऐकताना आपण सावरून बसावं.

ही दुसरी भाषा महिन्यातून एकदाच निघे. शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी सगळी पोरं व्हरांड्यापुढं बसत. गुरुजी आपल्या लग्नातला काळा कोट घालत, केसांना पाणी लावून भांग पाडत, घसा साफ करत आणि रेडिओतून यावा तसा आवाज काढत: "नमस्कार. या महिन्याच्या शाळेच्या बातम्या. देत आहेत मोकल गुरुजी."

मग सुरू होई. "इयत्ता पहिलीतील शकुंतला हिचा पुढचा दात काल पडला. दात कौलावर टाकण्यात आला असून तो उंदराने नेल्याचे वृत्त आहे. या वृत्तास अद्याप दुजोरा मिळालेला नाही." "चौथीच्या वर्गाने शाडूचे गणपती केले. एकूण गणपतींपैकी निम्म्यांना सोंड आहे. उरलेल्यांची सोंड वाळताना पडली." "पाढ्यांच्या आघाडीवर सतराचा पाढा अजूनही हाती आलेला नाही. प्रयत्न सुरू आहेत." शेवटी हवामान असे. "पहिलीच्या वर्गात ईशान्य कोपऱ्यात गळती. बादली ठेवण्यात आली आहे."

हे ऐकायला अर्धं गाव यायचं. बायका पाण्याचे हंडे कडेवर घेऊन कुंपणाशी थांबत. धाटावला कंपनीत रात्रपाळी करून आलेले बाप सायकली टेकवून उभे राहत. डोळे झोपेनं मिटत असत, पण आपल्या पोराचं नाव आल्याशिवाय कुणी घरी जात नसे. आणि नाव सगळ्यांचं येई. वर्षभरात ज्याचं नाव बातमीत आलं नाही असं पोरगं आमच्या शाळेत मिळालं नसतं. एक पोर अगदी गप्प, काही म्हणता काही न करणारं होतं. गुरुजींनी त्याचीही बातमी केली: "इयत्ता पहिलीतील बाळाराम हा महिनाभर वेळेवर आला. त्याबद्दल घंटा त्याची आभारी आहे." बाळारामची आई कुंपणाशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

बातमीच्या बाबतीत गुरुजी फार कडक. बातमी खरी हवी आणि ती डोळ्यांनी पाहिलेली हवी. कुणी म्हणालं, आमच्या शेळीला पिल्लं झाली, की गुरुजी शाळा सुटल्यावर त्यांच्या गोठ्यात. एकदा पाय घसरून शेणात बसले, तीही बातमी त्यांनी स्वतःच दिली. मी म्हटलं, "गुरुजी, हे कशाला सांगायचं?" तर म्हणाले, "बाई, आपली लपवायची आणि दुसऱ्याची सांगायची, याला बातमी नाय म्हणत. याला चुगली म्हणतात."

याच कडकपणापायी एकदा ते भलतेच अडचणीत आले.

भाताची कापणी झाली की आमच्याकडं त्याच ओलीवर वाल पेरतात. तिसरीच्या वर्गानं शाळेमागच्या तुकड्यात वाल लावला होता. रोज एक पोर पानं मोजी, एक उंची मापी, एक चित्र काढी. गणित, चित्रकला, निसर्ग, सगळं त्या वालात. शेंगा भरल्या की पोपटी करायची, असं गुरुजींनी कबूल केलं होतं. पोपटी म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, त्यात शेंगा भरून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. त्या वासासाठी आमच्या भागातलं माणूस कुठूनही घरी येईल. पोरं शेंगांकडे बघत दिवस काढत होती.

आणि एका सकाळी तुकडा साफ. एक शेंग नाही. नुसते बुडखे.

पोरं सुन्न झाली. गुरुजी उकिडवे बसून खुरांचे ठसे बघत राहिले. मग त्यांनी चौकशी केली. शाळेकडे येताना पोरांनी रेडा पाहिला होता. तोंडात वेल होता. रेडा सरपंचांचा.

त्या शनिवारी कोट चढला, भांग पडला आणि बातमी आली: "तिसरीच्या वर्गाचा वाल काल पहाटे एका रेड्याने खाल्ला. रेडा सरपंचांचा असल्याचे विद्यार्थ्यांनी पाहिले आहे. रेड्याची बाजू समजू शकली नाही."

सायकलीवाले बाप फस्सकन हसले. दुपारपर्यंत गावात रेड्याशिवाय विषय नव्हता. जो तो भेटेल तिथं सरपंचांना विचारू लागला, "काय, रेड्याची बाजू समजली का?"

सरपंच सोमवारी शाळेत आले. माणूस वाईट नव्हता, पण नाकावर राग. "गुरुजी, माझ्या रेड्याचं नाव चारचौघांत घेता?"

"नाव नाय घेतलं," गुरुजी शांतपणे म्हणाले. "मला ठाऊकच नाय. काय हाय नाव? सांगा, पुढच्या खेपेला घेतो."

सरपंच लालबुंद होऊन निघून गेले आणि थेट तालुक्याला जाऊन तक्रार देऊन आले. दहा-बारा दिवसांत निरोप आला, की शाळा तपासणारे साहेब येणार. निरोप आणणाऱ्या शिपायानं जाता जाता गुरुजींच्या कानाशी सांगितलं, "साहेबांच्या मनात तुमची बदली हाय. पोलादपूरच्या अंगाला."

मी गुरुजींकडं पाहिलं आणि चकित झाले. रेड्याला, सरपंचाला न भिणारा माणूस खडू हातात धरून नुसता उभा होता. फळ्यावर अर्धं वाक्य तसंच. त्या दिवशी एक पोर रडत आलं तर त्यांनी काहीच विचारलं नाही. औषध लावलं आणि सोडून दिलं.

मला कळेना. गुरुजींची बायको वारलेली, मूलबाळ नाही. शाळेशेजारी एक खोली, एक स्टोव्ह, एक ट्रंक. असा माणूस इथं राहिला काय आणि पोलादपूरला गेला काय. मी म्हटलंही, "गुरुजी, शाळा काय, तिकडंही असेलच की."

"शाळा असंल," एवढंच ते म्हणाले.

साहेब आले तो नेमका महिन्याचा शेवटचा शनिवार. सरपंचही हजर. आम्ही पोहे केले होते. साहेबांनी पोहे खाल्ले, हात पुसले आणि म्हणाले, "मोकल, ही बातमी चुकीची होती असं आज मुलांसमोर सांगून टाका. विषय संपवू."

"साहेब, चुकीची असंल तर आत्ता सांगतो," गुरुजी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पण चुकीची नाय ना."

"कशावरून? पोरांचं काय, कुणाचाही रेडा त्यांना सरपंचांचा वाटायचा."

व्हरांड्यापुढं पोरं बसली होती. त्यांना सगळं ऐकू जात होतं. तिसरीच्या रांगेतून एक मुलगी उठली. नंदा. सरपंचांचीच धाकटी लेक. तिनं अगदी बातमीच्या नेमानं सांगितलं, "साहेब, घडलं शाळेच्या मागं. पहाटे. रेडा आमचाच. दावं मी सोडलं. त्याला पाणी पाजायला सोडलं, तो पळाला. मी मागं धावले तेव्हा तो वाल खात होता. मी भ्याले आणि कुणाला बोलले नाय." आणि मग बापाकडं बघून ती हमसाहमशी रडायला लागली.

सरपंच उठले. मला वाटलं, आता पोरीच्या पाठीत बसतो धपाटा. त्यांनी तिला उचललं. एवढी थोरली पोर, तरी कडेवर घेतली. "रडू नको गो," ते म्हणाले. "रेड्यानं खाल्लं, तू नाय खाल्लंस." मग गुरुजींकडं वळून ते म्हणाले, "समजली हो गुरुजी, रेड्याची बाजू."

आधी साहेब हसले. मग कुंपणाशी उभं असलेलं सगळं गाव.

संध्याकाळी सरपंचांच्या शेतातल्या वालाच्या शेंगा पोत्यानं शाळेत आल्या. पोपटी झाली. साहेब तालुक्याला जाणार होते, पण मडकं उघडेपर्यंत थांबले आणि बोटं भाजून घेत शेंगा सोलत बसले. निघताना म्हणाले, "मोकल, बदलीचं डोक्यातून काढा. आणि माझं नाव बातमीत घालणार असाल तर पोहे आणि शेंगांचं तेवढं लिहू नका."

"पोह्यांचं एक वेळ गाळतो," गुरुजी म्हणाले. "शेंगा सगळ्यांनी पाहिल्या, साहेब."

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच गुरुजी माझ्या दारात. अंगात कोट. "बाई, नदीपल्याड अष्टमी गावात येता माझ्यासंगं? एक माणूस तुम्हाला दाखवायचं हाय."

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून आम्ही अष्टमीत शिरलो. एका बोळात कौलारू घर. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली धातूची लहानशी नळी, आमच्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू लोकांच्या दारावर असते तशी. ओटीवर नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती. डोळ्यांवर सायीसारखा पडदा.

"मास्तर का रं? काल वाट पाहिली."

"काल शनवार होता, आये. तुम्ही शनवार पाळता, तवा मी कधी येतो?"

"तरी पाहिली."

त्यांचं नाव रिबकाबाई. गुरुजी तरुणपणी रोह्यात नोकरीला आले तेव्हा बायकोला घेऊन याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहिले होते. गुरुजींच्या बायकोला, कमलला, स्वयंपाक शिकवला तो रिबकाबाईंनी आणि ती आजारी पडली तेव्हा उशाशी बसल्या त्याही रिबकाबाई. पुढं त्यांचे मुलगे एकेक करून बायकापोरांसह इस्रायलला गेले. आईला न्यायला धाकटा परत आला होता. ती गेली नाही. "माझं माणूस इथं मातीत हाय गो," त्या मला म्हणाल्या. "नातवंडांचे फोटो येतात. पण ते मला दिसत नाय. म्हणून मी याला म्हटलं, तुझ्या शाळेतली पोरं सांग. ती तोंडानं सांगितली तरी दिसतात."

गुरुजी ओटीवर ताठ उभे राहिले. "नमस्कार. या महिन्याच्या शाळेच्या बातम्या."

सगळ्या सांगितल्या. एकही गाळली नाही. पोपटीला रिबकाबाईंनी नाकानं हुंगल्यासारखं केलं. नंदाचं ऐकताना त्यांचा हात हवेत उठला आणि कुणाच्या तरी डोक्यावरून फिरवावा तसा फिरला.

"झाल्या?" त्यांनी विचारलं.

"झाल्या."

"आता तुझी सांग."

गुरुजी खाली बसले. "माझी काय बातमी, आये."

"हाय ती सांग."

कोटाचं बटण काढत गुरुजी म्हणाले, "बदली होणार होती. पोलादपूरकडं. टळली."

"मग?"

"मग काय नाय. भ्यालो होतो."

रिबकाबाई मग भिंतीला हात लावून उठल्या. "आधी कळलं असतं तर मी बी भ्याले असते," त्या म्हणाल्या. "बसा दोघं. भात टाकते. जेवल्याबिगर जायचं नाय."

गुरुजी त्यांच्या मागोमाग आत गेले. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला आणि त्यांचं बोलणं.

"मिठाची बरणी कुठं ठेवलीस मागल्या खेपेला? सापडत नाय मला."

"जागेवरच हाय, आये. हात जरा डावीकडं न्या. हां. तीच."