मामांचे नाना झाले त्याची गोष्ट

मंजुश्रीच्या लग्नाची पाहुण्यांची यादी लातूरच्या छापखान्याने जुन्या फॉन्टमधून बदलून दिली, आणि त्या बदलात ‘म’ आणि ‘न’ यांची अदलाबदल झाली. नांदेडचं ‘मांदेड’ झालं, मामांचे ‘नाना’ झाले. चारशे नावं होती.

“हाताने कशाला? पायथॉनमध्ये दोन ओळींचं काम हाय,” असं म्हणून नवरीचा भाऊ वीरेश लॅपटॉप उघडून बसला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करून आल्यापासून घरात त्याचा शब्द खाली पडत नसे. पहिली ओळ : प्रत्येक ‘न’चा ‘म’ कर. दुसरी : प्रत्येक ‘म’चा ‘न’ कर. वरची नावं त्याने तपासली. गुरुलिंग, नांदेड. दगडोबा नाना, नांदेड. बरोबर! पाकिटांवर पत्ते चिकटले, पत्रिका रवाना झाल्या.

तिसऱ्या दिवशी उदगीरहून गुरुपादप्पा मामा पाकीट घेऊन दारात उभे.

“नागू, मी तुझा सख्खा भाऊ. ह्याच्यावर ‘नाना’ लिवलंय! लग्नात नवरीमागं उभं राहायचा मान कुणाला देऊन राहिलीस?”

नवरीच्या आईने, नागम्माने, यादी वाचायला घेतली. उनाशंकर, अनरनाथ, नल्लिकार्जुन. यादीत औषधालासुद्धा ‘म’ उरला नव्हता.

“पहिल्याच ओळीत सगळ्यांचा ‘म’ झाला,” वीरेश पुटपुटला. “मग दुसऱ्या ओळीत सगळ्यांचा ‘न’.”

“आरं बाबा, ह्या डब्यात रवा, त्या डब्यात साखर. अदलाबदल करायची तर तिसरा डबा लागतो की न्हाई? तू दोन्ही एकातच ओतलंस!” नागम्मा म्हणाली.

वीरेशचे कान लाल झाले. त्याने मूळ यादी पुन्हा घेतली. ‘म’च्या जागी आधी चांदणीचं (*) चिन्ह ठेवलं, ‘न’चे ‘म’ केले, मग चांदण्यांचे ‘न’ केले. आधी विसरलेली पाच नावं मंजुश्रीने त्याच यादीच्या शेवटी सकाळीच स्वतः, अगदी अचूक टाइप केली होती, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. नवी पाकिटं गेली. दोन दिवसांनी मामा आपलं पाकीट हातात घ्यायला उदगीरहून पुन्हा आले.

ते घेऊन मामा चहा पीत बसले असताना भोकरहून फोन आला, वीरेशने तो स्पीकरवर घेतला. त्या शेवटच्या पाचांतले, पंच्याहत्तरीचे श्रीमंत नाना. लांबचे, एकटेच.

“वीरेश, लेकरा,” ते म्हणाले. “नावाचं ‘श्रीनंत’ केलंस, त्याचं काय न्हाई. पण फुडं ‘मामा’ लिवलंस! मला बहीण न्हाई, मला मामा कोण म्हणणार? नवरीमागं उभं राहायला नवा फेटा आणलाय बघ. लई मान दिलास.”

वीरेशने खुलासा करायला तोंड उघडलं. नागम्माने डोळे वटारले आणि भीतभीत भावाकडे पाहिलं.

गुरुपादप्पांनी बशी खाली ठेवली, फोन ओढून घेतला.

“हॅलो, श्रीमंत मामा का? मी उदगीरचा मामा. तुम्ही उजव्या अंगाला उभं राहा, मी डाव्या. आन् फेटा कोणत्या रंगाचा हाय ते सांगा, मला बी तसलाच घ्यायचाय.”