सत्कारमूर्तीचं उड्डाण

माणसाला वर नेणं हे समाजाचं काम आहे, आणि समाज ते सत्काराच्या मार्गाने रीतसर पार पाडतो. वारंगा फाट्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या रत्नपालने मात्र परस्पर, पायडल मारून वर जाण्याचा घाट घातला. बांबू आणि पातळ प्लॅस्टिकचं चार पंख्यांचं हेलिकॉप्टर त्याने तीन वर्षांत उभं केलं. इंजिन तो स्वतः. इंजिनाचं वजन उतरवण्यासाठी त्याने सात महिने एकवेळच जेवण ठेवलं (इंधनबचतीचं असं उदाहरण जिल्ह्यात दुसरं नाही).

कळमनुरीजवळच्या एका रिकाम्या गोदामात ते यंत्र एकदा गुडघाभर वर गेलंही. पाहायला फक्त बायको सरिता होती, आणि घरच्या माणसाची साक्ष कुठे धरत नाहीत. म्हणून एका स्पर्धेचे परीक्षक पुण्याहून यायचे ठरले. वीस सेकंद हवेत राहिलं तर नोंद, नाहीतर रत्नपाल फाट्यावर जन्मभर येडा.

गावाने लगेच पंधरा जणांची सत्कार समिती नेमली. (उड्डाण समितीची गरज कोणाला वाटली नाही.) सत्कार उड्डाणाआधीच ठेवला, कारण नंतर पाहुण्यांना जेवणाची घाई असते.

यंत्राच्या सीटवर बसलेल्या रत्नपालच्या अंगावर चढलेला सन्मान असा: फेटा एक, शाली नऊ, झेंडूचे हार सव्वीस, शालीच्या ओटीत नारळ अकरा आणि पितळी सन्मानचिन्ह एक (पायथा सागवानी).

"हे उतरवू का? किलोभर जास्तीचं झालं तरी यंत्र उचलत न्हाई," त्याने समितीचे अध्यक्ष संतराम यांना हळूच विचारलं.

"काहून? लोकायनं प्रेमानं घातलं," अध्यक्ष म्हणाले. "फोटो होईस्तोवर राहू द्या. तुमी पायडल मारा बराबर."

सरिता हार काढायला पुढे झाली, तर तिलाही हार घालून खुर्चीवर बसवण्यात आलं.

रत्नपालने जीव तोडून पायडल मारलं. पंखे फिरले, पहिल्या रांगेला गार वारा लागला, टाळ्या पडल्या. यंत्र जागचं हललं नाही. परीक्षकांनी शून्य लिहिलं. रत्नपाल सीटवरच ढसाढसा रडला. तो भारावून गेल्याचं अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं.

परीक्षक पुढच्या महिन्यात आणखी एकदा, शेवटचं येणार आहेत. रत्नपालने सगळ्यांना हात जोडून विनवलंय: या, पण रिकाम्या हातांनी या. त्याची कळकळ तुम्हालाही पटली असेल. तुम्ही नक्की जाल, आणि असं मोकळ्या हातांनी जाणं बरं दिसत नाही म्हणून वाटेत एक छोटासा हार घ्याल.