सिल्वेस्टरची तिकडी

खाडीच्या चिखलात घसरून लिनोमामाचा उजवा हात मुरगळला, तेव्हा त्याच्या भाचीच्या, जुलियाच्या, लग्नाला पंधरवडा उरला होता. ठाण्याच्या किरिस्तावांच्या देवळात पायपेटी वाजवणारा लिनोमामा एकटाच. नवरा कल्याणचा. ठाणे-कल्याण आगगाडी सुरू होऊन तीसेक वर्षं झाली होती, त्यामुळे वऱ्हाडाच्या येण्याची चिंता नव्हती. पण सोयरीक ठरताना नवऱ्याच्या बापाने, टोनीने, एकच गोष्ट विचारली होती, "देवळात बाजा असतो ना?"

"जुलियाचा भाऊ सिल्वेस्टर वाजवील," पाद्रीबाबा म्हणाले. "गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात पियानोवर होता म्हणे."

सिल्वेस्टर खरोखरच पियानोवर होता. फडकं घेऊन. गावात सांगताना फडक्याचा उल्लेख राहून गेला होता, आणि आता तो करण्याची वेळ टळून गेली होती.

लिनोमामाने डाव्या हाताने शिकवणी सुरू केली. एक पट्टी दाबायची, शेजारची सोडायची, पुढची दाबायची, पुन्हा एक सोडून तिसरी. तिन्ही एकदम. पाद्रीबाबा त्याचं काहीतरी परदेशी नाव घेत. सिल्वेस्टर तिकडी म्हणे. नांगर धरणाऱ्या त्याच्या बोटांना दाबायची पट्टी दाबता येई, सोडायची सोडता येत नसे.

"मामा, तीन दाबतो तं पाच वाजतात."

"मग तीनच दाब."

"मना नय जमत."

"साहेबाकडं कसं जमत व्हतं?"

सिल्वेस्टर पुन्हा दाबू लागला.

आठवडाभराने पहिली तिकडी बसली. लिनोमामाने तिच्या पट्ट्यांवर कोळशाच्या खुणा केल्या. गाण्याला लागणाऱ्या उरलेल्या दोन तिकड्या सिल्वेस्टर तिथूनच पुढे मोजून काढी. लग्नाच्या आदल्या दिवशी तिन्ही बिनचूक वाजल्या.

लग्नाच्या सकाळी देवळात झाडलोट करणाऱ्या लुर्दसमावशीने खोबरेल लावून पेटी पुसली. "कोणी मेल्यानं कोळसा फासलेला," ती म्हणाली. "आता बघ कशी लखलखते."

सिल्वेस्टरने पाहिलं. पांढऱ्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत होत्या. जुलिया दारात येऊन उभी राहिली होती. त्याने अंदाजाने हात ठेवला आणि पाय हलवले.

बोटं अगदी बरोबर पडली, फक्त सगळी दोन पट्ट्या डावीकडे. तेवढ्यानेच तिकडीतला मधला सूर बाजूच्या दोघांच्या मानाने किंचित उतरला आणि आनंदाच्या तिकडीची मयताची तिकडी झाली. असं का झालं ते कोणालाच कळलं नाही. गाणारी मंडळी आज्ञाधारक होती. बाजा जाईल तिकडे तीही गेली. दुसऱ्या कडव्याला लुर्दसमावशीला हुंदका फुटला. तिला पाहून जुलियाच्या आईला, मग कल्याणच्या बायकांना. लिनोमामा गळ्यातल्या झोळीत हात ठेवून रडत होता. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या एकाने दाराशी थांबलेल्या गाडीवानाला विचारलं, "कोण गेलं?"

"जुलिया चालली," गाडीवान डोळे पुसत म्हणाला. "तरणी पोर."

तो माणूसही टोपी काढून उभा राहिला.

काहीतरी चुकतंय हे सिल्वेस्टरला कळत होतं. पण हात उचलला तर पुन्हा ठेवायचा कुठे, हे कळत नव्हतं. म्हणून तो शेवटपर्यंत वाजवत राहिला.

लग्नाची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर टोनी लाल डोळ्यांनी पेटीपाशी आला. सिल्वेस्टर मान खाली घालून उभा राहिला.

"माझ्या दोन लेकींची लग्नं झाली," टोनी म्हणाला. "कोणाच्या डोळ्यांत टिपूस नाय. पोरी जड झालेल्या असं लोक अजून बोलतात. धाकटीचं मे महिन्यात हाय. तू यायचं. अन् हेच वाजवायचं."

सिल्वेस्टरने होकार दिला. दुसरं काय देणार?

दुसऱ्याच दिवशी लिनोमामाने त्याला काळ्या पट्ट्यांवरून जागा ओळखायला शिकवलं, म्हणजे असा घोटाळा पुन्हा नको. त्यानंतर सिल्वेस्टर रोज पेटीपुढे बसू लागला. हात ठेवला की तिकडी बरोबर तिच्या जागी पडे आणि देऊळभर आनंदीआनंद होई. ती चूक पुन्हा व्हावी म्हणून त्याने डोळे मिटून पाहिलं, तोंड फिरवून पाहिलं.

"मामा, लग्नातली चूक कशी केलेली मी?"

"मना काय ठाव? मी कधी केलीच नय."

मे महिना जवळ येत होता, आणि सिल्वेस्टर दिवसेंदिवस अधिकच बरोबर वाजवू लागला होता.