पेणचा प्रोग्राम रोह्याच्या यंत्रात बसविला, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, आणि हे संपेतो वीज जाऊ नये ऐसे विजेच्या खांबासही हात जोडोन, ही हकीकत मांडिली असे. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथी नाम संवत्सर, आषाढमास. पेण कसब्यात घरोघर गणपतीचे कारखाने जोरात होते आणि माणसास पाय ठेवावयास जागा उरली नव्हती, ते समयी राजमान्य राजेश्री हरेशराव पेणकर, किताब संगणकबहाद्दर (हा किताब त्यांस कोणी दिला याचा तपास करता त्यांनीच दिला ऐसे निघाले), यांनी रोह्यावर स्वाऱ्या केल्या, शिकस्त खाल्ली, पुन्हा कूच केले आणि अखेर फत्ते पावले. ते जैसे घडले तैसे, वर चिमूटभर तिखटमीठ घालोन, सांगितले जाते.

हरेशराव मूर्तिकारांच्या कुळातले. तीर्थरूप वारल्यापासून कारखान्याची गादी मातोश्री गिरजाबाईसाहेब चालवीत. बाईसाहेबांची नजर ऐसी की सोंडेस केसाएवढी चीर गेली असता दारातून दिसावी. हरेशरावांचे चित्त मात्र रंगात रमेना. मग त्यांनी मुंबईहून कोणाचा तरी उतरलेला संगणक पैदा केला आणि कारखान्याच्या एका कोपऱ्यात त्याची स्थापना केली, आणि मग संगणकास उष्मा सोसत नाही ऐसे सांगोन कारखान्यातला एकुलता टेबलपंखाही आपल्या बाजूस वळवोन घेतला. आषाढाची ओल ऐसी की मूर्ती वाळता वाळेनात. मग एके सकाळी बाईसाहेबांनी हातातला ओला ब्रश तसाच रोखोन फर्मान सोडिले.

"हरेश, श्रावण लागायच्या आत तुझ्या डब्यातना कायतरी चालतं निघालं पायजे. नायतर कोपरा मोकळा कर. माझे गणपती बसतील तिथं, नि पंखा पण त्यांचाच. तू जा नागोठण्याला, कंपनीत शिफ्टला."

शिफ्ट हा शब्द कानी पडता हरेशरावांचे डोळ्यांपुढे भोंगा, डबा आणि जन्मभराचा निळा सदरा उभा राहिला. परंतु सरदार तो सरदारच. त्यांनी मिशीवर हात फिरविला. मिशी तूर्त आलेली नव्हती, परंतु हात फिरविला.

ऐसीयास रोह्यास दिनानाथराव भांडेवाले म्हणोन मातबर असामी होते. लग्नकार्यास, पूजेस, सार्वजनिक जेवणावळीस टोप, पराती, हंडे भाड्याने देणे हा त्यांचा वडिलार्जित रोजगार. कोणता टोप कोणत्या गावी गेला याची याद त्यांस राहीना आणि गावकऱ्यांस तर मुळीच राहीना. त्यांचे मेव्हणे मस्कतेस चाकरीस. त्यांनी येताना एक नवलाईचे यंत्र आणिले, तळहाताएवढे, करड्या पडद्याचे, सोबत काडीएवढी लेखणी. दिनानाथराव ते लाल मखमली थैलीत घालोन सदऱ्याच्या आतल्या खिशात, अगदी काळजापाशी, वागवीत. त्यांनी हरेशरावांस हुकूम केला, की लेखणी टेकविताच भांड्याचा ठावठिकाणा कळावा ऐसा प्रोग्राम करोन द्यावा, पसंत पडल्यास, ज्यांस मेव्हण्याने ऐसीच यंत्रे आणोन दिली ते रोह्यातले सारे मांडववाले तुमच्या दारी आणोन उभे करीन. हरेशरावांनी मनात म्हटले, कोपरा वाचला.

मग त्यांनी प्रोग्राम रचिला. संगणकात एक हत्यार ऐसे होते की पडद्यावर हुबेहूब तेच यंत्र उभे करी, वस्तुतः ते मायावी, हाती धरावयास काही नाही. त्या मायावी यंत्रात प्रोग्राम झकास चाले. गागोद्याचा टोप गागोद्यास दिसे, गडबच्या पराती गडबेस दिसत. हरेशरावांस हर्ष मावेना. त्यांनी फ्लॉपी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळिली, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मग रोह्याच्या गाडीत स्वार होऊन कूच केले.

रोह्यास हरेशरावांची मावसबहीण ऋतुजाबाई संगणकाचा क्लास चालवीत. यंत्र ज्यावर ठेविले असता संगणकाशी बोलू लागते ती बैठक, जीस पाळणा म्हणतात, ती त्यांच्याकडे होती. दिनानाथराव दोन स्नेही आणि पेढे घेऊन हजर जाहले. यंत्र पाळण्यात निजविले, प्रोग्राम आत ओतिला, लेखणी टेकविली, आणि पडद्यावर इंग्रजीत चार ओळी उमटल्या. त्यांचा मतलब येणेप्रमाणे, की आपला जिन्नस मजहून नवा आहे, तो चालविण्याची मजला सनद नाही.

"काय म्हणतंय?" दिनानाथरावांनी पुसिले.

"म्हणतंय, मी जुना हाय," ऋतुजाबाई म्हणाल्या.

"जुना? मेव्हण्यानं माझ्यासमोर खोका फोडला."

"खोका नवा, काका. आतलं व्हर्जन दोन नंबरचं. दादानं प्रोग्राम केलाय तीनसाठी."

"म्हणजे मेव्हण्यानं मला उतरलेला माल दिला?"

स्नेह्यांनी पेढ्याकडे गेलेला हात मागे घेतला. सोयरिकीत मोडता येण्याचा प्रसंग ओढवला. तेव्हा हरेशरावांनी खोट आपल्याकडची म्हणोन कबूल केली आणि पेढा न खाता माघारी फिरले. नागोठणे येईतो त्यांनी एकट्याने मसलत केली, की यंत्र वर येत नसेल तर आपण खाली उतरावे. पेणेस पोहोचता पनवेलच्या मित्राकडोन जुन्या हत्यारांची सीडी मागविली, नवी सारी पुसोन काढिली, आणि प्रोग्राम दोन नंबरास बसेल ऐसा पुन्हा रचिला.

इकडे ऋतुजाबाईंस दादाचा उतरलेला चेहरा बघवला नाही. त्यांनी मनात आणिले, की दादा लहानपणापासोन हट्टी, तो खाली यावयाचा नाही, यंत्रच वर चढवावे. मग त्यांनी दिनानाथरावांस चहा पाजोन यंत्र घटकाभर मागोन घेतले आणि त्यात तीन नंबरचा कारभार बसविला. पावसाने दोन्हीकडचे टेलिफोन मेले होते, सबब ह्याचे त्यास कळले नाही आणि त्याचे ह्यास कळले नाही.

दुसरी स्वारी जाहली. प्रोग्राम उघडला, क्षणभर टोप दिसला, आणि यंत्र जे गोठले ते लेखणीने टोचिले तरी हलेना.

"दादा, तू खाली उतरलास? सांगायचं तरी."

"तू वर चढवलंस, तू सांगितलंस?"

"फोन मेला होता."

"माझा काय नाचत होता?"

दिनानाथरावांनी यंत्र उचलोन थैलीत घातले. "एक वर नि एक खाली. माझं यंत्र हाय की चाळीचा जिना?"

मग तेथेच सर्वांसमक्ष तह ठरला, की यंत्राने तीनावर स्थिर राहावे, हालचाल करू नये, आणि हरेशरावांनी पुन्हा तीनावर यावे. तह चोख होता. परंतु दैवाची आणि हरेशरावांची गती न्यारी. पेणेस येऊन नवी हत्यारे पुन्हा चढविताना त्यांच्या सीडीत त्यांस साडेतीन नंबर दृष्टीस पडला. तीन हाती असता साडेतीन सोडणे हे त्यांच्या जातिवंत उमेदीस परवडेना. मायावी यंत्र साडेतीनाचे उभे राहिले, रंगीत, टोप पितळी दिसू लागला. मग तिसरी स्वारी जाहली, आणि रोह्यास पुन्हा त्याच चार ओळी उमटल्या.

ऋतुजाबाईंनी लेखणी खाली ठेविली. "तीनवर ये म्हटलं होतं."

"साडेतीनमध्ये रंग चांगले दिसतात."

"यंत्राला रंगच नाय, दादा."

हे ऐकोन दिनानाथराव उठले आणि चपला शोधू लागले. जाताना बोलले, की आता काम झाल्याखेरीज तोंड दाखवू नये, आणि काम होईल ऐसा भरवसा उरलेला नाही.

हरेशराव परतले तो कारखान्यात धामधूम. श्रावण दोन पावलांवर आलेला. गणपतींची आघाडी सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत भिडली होती. संगणकाच्या उजव्या अंगास बालगणेश, डाव्या अंगास सिंहासनावरचे, आणि प्रिंटरावर एक कच्ची मूर्ती ऐशी बसली होती की जणू छापोनच निघाली.  गिरजाबाईसाहेबांनी पंख्याचे तोंड बोटाने थोडे वळविले. हरेशरावांस भोंगा ऐकू येऊ लागला.

दुसरे दिवशी दिनानाथराव स्वतः कारखान्यात दाखल जाहले. हरेशरावांकडे त्यांनी पाहिले नाही, ते थेट बाईसाहेबांपाशी गेले, कारण घरचा गणपती सांगावयाचा होता. बाईसाहेबांचे हात रंगात, म्हणोन त्यांनी मानेने हरेशरावांस खुणाविले. हरेशराव पुढे आले. दोघांनी एकमेकांचे तोंड चुकविले आणि व्यवहार सुरू केला.

"मूर्ती गेल्या सालासारखी. बसायला जरा रुंद," दिनानाथराव म्हणाले.

"पाट आणला काय?"

त्या मुलुखी रिवाज ऐसा, की गणपती ज्या पाटावर बसावयाचा तो घरचा पाट यजमानाने आधी कारखान्यात पोहोचवावा, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवावी, आणि मूर्तिकाराने मूर्ती त्याच पाटावर बसवोन द्यावी. हा रिवाज दिनानाथरावांस ठाऊक होता. परंतु पावसात पाट कोण वागवितो.

"पाट घरी हाय. तू मूर्ती कर नि घेऊन ये रोह्याला. बसवून बघू."

"नि नाय बसली तर?"

"तर परत ने. थोडी तासून आण."

"नि मग लय तासली गेली तर?"

"तर ने नि वाढवून आण. तुला काय, गाडी तर हाय."

महिनाभराचा राग हरेशरावांचे मस्तकी चढला. "काका, अशी मूर्ती करतात काय कुठं? पाट आधी यावा लागतो. पाट समोर असला की मापात होते. हितं अंदाजानं घडवायची, रोह्याला न्यायची, बसत नाय म्हणून परत आणायची, परत घडवायची, परत रोह्याला. येड लागलंय काय कुणाला अशा खेपा..."

वाक्य तेथेच थांबले.  ऐशा खेपा कोण घालीत होता हे भिजत घातलेल्या मातीसही ठाऊक होते. गिरजाबाईसाहेबांनी ब्रश रंगात बुडविला, मान वर न करिता म्हणाल्या,

"बोल की पुढं."

 हरेशरावांनी दिनानाथरावांच्या छातीकडे पाहिले. "काका, यंत्र कुठाय?"

"खिशात. ते काय घरी ठेवतो काय?"

"मागं सुकट न्यायला आलात पेणला, तेव्हा?"

"तेव्हा पण खिशात. आपल्यात काय ठरलं होतं, तू रोह्याला यायचं. मी कशाला बोलू?"

मग वाटाघाटी जाहल्या. हरेशरावांनी यंत्र ठेवोन जावे ऐसी विनंती केली. दिनानाथरावांनी साफ नाकारिले, की मेव्हण्याची वस्तू परगावी सोडणार नाही. गिरजाबाईसाहेबांनी निवाडा दिला, की यंत्र सोडवत नसेल तर त्याच्यासोबत आपणही ओलीस राहावे, भात वाढते. दिनानाथरावांनी कालवण कसले ते पुसिले आणि कबूल जाहले. टेलिफोन नुकता जिवंत जाहला होता, मग रोह्यास सांगावा गेला, आणि दुपारच्या गाडीने ऋतुजाबाई पाळणा दप्तरात घालोन, सोबत सगळ्या आवृत्त्यांच्या सीड्या घेऊन, भिजत दाखल जाहल्या.

जमीन ओली होती. गिरजाबाईसाहेबांनी कारखान्यातला एक मोकळा पाट पुढे सरकविला, त्यावर पाळणा, पाळण्यात यंत्र, आणि हातच्या सवयीने पाटावर चिठ्ठी चिकटविली, दिनानाथ, रोहे. हरेशरावांनी पडद्यावरचे मायावी यंत्र कायमचे बंद केले. ऋतुजाबाईंनी समोरच्या खऱ्या यंत्रास लेखणी टेकवोन त्याची आवृत्ती त्याच्याच तोंडोन वदवोन घेतली, आणि हरेशरावांनी साडेतीनाची हत्यारे उतरवोन बरोबर त्या आवृत्तीची चढविली. उतरविताना त्यांनी एक उसासा टाकिला.

"रंग राहू दे आता," ऋतुजाबाई म्हणाल्या.

मग युद्ध जाहले. प्रोग्राम ओतिला, यंत्र कुरकुरले, जागेवरच दुरुस्त केला, पुन्हा ओतिला, पुन्हा कुरकुरले, पुन्हा दुरुस्त केला. रोह्याची गाडी नाही, माघार नाही, पाट समोर आणि हात पुढे. दिनानाथराव दोन वेळ भात घेऊन भिंतीस टेकोन डुलक्या काढीत होते. दिवेलागणीस यंत्राने टुक ऐसा आवाज केला, आणि करड्या पडद्यावर भांड्यांची नावे एकाखाली एक उभी राहिली.

गिरजाबाईसाहेबांनी परीक्षा घेतली. "गागोद्याला गेलेला टोप कुठाय, विचार."

हरेशरावांनी लेखणी टेकविली. "गागोद्याला."

"ते मी पण सांगितलं असतं."

मग दिनानाथरावांनी, काम सांगताना आपणच दिलेल्या नोंदी विसरोन, तीन नंबरच्या परातीची चौकशी केली. यंत्र म्हणाले, गडब. दिनानाथराव ताठ बसले. "व्हय की. सत्यनारायणाला दिलेली. नि मी बायकोवर डाफरलो." त्यांनी यंत्र दोन्ही हातांनी उचलिले, बंद केले, पुन्हा सुरू केले. परात गडबेसच होती. मग त्यांनी सांगितले, की उद्या सगळ्या मांडववाल्यांना पाठवितो, ज्याचे त्याचे यंत्र घेऊन, आणि माझा पाटही त्यांच्याबरोबरच येईल.

गिरजाबाईसाहेब पाटावरच्या रिकाम्या पाळण्याकडे पाहात होत्या.

"बसला म्हणायचा. आता विसर्जन कधी ह्याचं?"

"नाय गो आये, ह्याला विसर्जन नसतं," हरेशराव म्हणाले. "पण दर साल नवं व्हर्जन येतं. मग जुनं चालत नाय."

"म्हणजे दर साल परत घडवायचं?"

"व्हय."

"माणसं दर साल परत येणार?"

"यावंच लागतं."

बाईसाहेबांनी हात पुसिले आणि प्रिंटरावरचा गणपती उचलोन फळीवर नेला. "मग आधी नाय सांगायचं? आपलाच धंदा हाय ह्यो. राहू दे कोपऱ्यात."

येणेप्रमाणे आषाढ सरता सरता रोह्याचे यंत्र पेणेस जिंकिले गेले. कोपरा हरेशरावांकडे वंशपरंपरेने कायम जाहला, नागोठण्याची शिफ्ट टळली. पंख्याचा खटका दाबोन त्याची मान फिरती ठेवावी, वारा जातायेता निम्मा संगणकास, निम्मा गणपतीस मिळावा, ऐसा करार ठरोन त्यावर गिरजाबाईसाहेबांच्या शेंदरी अंगठ्याचे मोर्तब भिंतीवर उमटले, ते पुढच्या रंगकामापर्यंत तैसेच होते.