एक्केचाळीस वेळा निरंक

जिल्ह्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं मी रेकॉर्ड रूम सांभाळली. बत्तीस वर्षांत एक कागद हरवला नाही! आजोबाच्या काळातला फेरफार मागा, चहा निवायच्या आत टेबलावर! तेव्हा घरातली सत्तेचाळीस बालपुस्तकं निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ होता. बायकोला, रमाला, मी तसं सांगूनही टाकलं.

"दीड तासात निकाल लावतो. तू फक्त चहा ठेव."

"निकाल नका लावू," रमा म्हणाली. "फक्त जुईलीच्या नजरेआड करा."

फजिती माझीच झाली, तेव्हा खुशाल हसा. पण कारण हसण्यासारखं नव्हतं, ते आधीच सांगतो. जुईली आमची एकुलती एक लेक. वय चौतीस, सासर अकोल्याला. लग्नानंतर नऊ वर्षांनी दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात सगळं गेलं. मुलगी होती. त्यानंतर बावीस दिवसांनी, रविवारी, जावई स्वानंद तिला विश्रांतीसाठी अमरावतीला आणून सोडणार होता. आणि तिच्या खोलीतल्या कपाटात काय होतं? तिचीच लहानपणची पुस्तकं! रमानं दोन महिन्यांपूर्वी ती माळ्यावरून उतरवून, पुसून, नवी कव्हरं घालून नातवंडासाठी ओळीनं लावली होती. पोरगी ते कपाट उघडेल तेव्हा काय होईल?

ठरलं असं, की मोजकी पुस्तकं ठेवायची आणि बाकीची तिवशाकडच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेला द्यायची. मी बुधवारी सकाळी आंघोळ करून, चष्मा पुसून, खोलीच्या मध्यभागी बसलो. कचेरीत कागदाचे चार वर्ग असतात. अ म्हणजे कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क दहा वर्षं आणि ड म्हणजे वर्षभरात वाट लावायची. हीच पद्धत मी घरी लावली.

"हे हत्तीच्या लग्नाचं ठेवा," रमा म्हणाली.

"कारण?"

"गोवर निघाला होता तेव्हा हेच वाचून दाखवत होते मी. दिवसातून दहा दहा वेळा."

"रमा, गोवर अ वर्गात बसत नाही!"

"मग हे? याचा कोपरा खाल्लाय तिनं. दातांचे ठसे आहेत, बघा तरी!"

"अपूर्ण दस्तऐवज. ड!"

"तुम्हाला काळीज आहे की नुसता शिक्का?" असं म्हणून ती ते पुस्तक मांडीवर घेऊन रडायलाच लागली. मलाही रडू येत होतं, म्हणून मी आणखी मोठ्यानं वर्ग ओरडायला लागलो. शेजारच्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्यानं घरीच शाळा काढली!

दीड तासाचं काम दोन दिवस चाललं. सहा पुस्तकं राहिली, एक्केचाळीस जायची ठरली. ती मी कचेरीतल्यासारखी लाल कापडात बांधली आणि नियमाप्रमाणे यादी केली. तीन प्रतींत! पहिला रकाना क्रमांकाचा, दुसरा पुस्तकाच्या नावाचा, तिसरा स्थितीचा आणि चौथा, 'पुढे कोणी वापरण्याची शक्यता'. या चौथ्या रकान्यात कचेरीत आम्ही 'निरंक' लिहितो, म्हणजे काही नाही. माझ्या हातानं एक्केचाळीस ओळींत एक्केचाळीस वेळा निरंक लिहिलं. शपथेवर सांगतो, लिहिताना मला काहीसुद्धा वाटलं नाही. अक्षर चांगलं येतंय, एवढंच वाटलं.

एक प्रत गठ्ठ्यात घातली. एक माझ्या फायलीला लावली. आणि तिसरी? तिसरी नियमाप्रमाणे रिकाम्या फळीजवळ चिकटवायची असते, पुढे कोणी शोधत आलं तर त्याला कळावं म्हणून. मी ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. चारी कोपऱ्यांना डिंक लावून!

शुक्रवारी दुपारी नत्थुजी आले. त्यांची काळीपिवळी जीप अमरावती ते तिवसा चालते, आणि जुईलीला तिच्या शाळेच्या दिवसांत त्यांनीच रिक्षातून पोचवलं होतं. गठ्ठा जीपमध्ये चढवताना ते म्हणाले, "साहेब, तुमी काई चिंता करू नोका. सरच्या हातात देतो अन् मंगच पानी पेतो."

रविवारी जुईली आली. गालफडं बसलेली. चहा घेतला, खोलीत गेली आणि साडी ठेवायला कपाट उघडलं. आम्ही दोघं दाराशी उभे होतो. कपाटाचं दार उघडंच राहिलं. ती वाचत होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश. मग तिनं दार लावलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

रमानं मला स्वयंपाकघरात ओढलं. "काय लावून ठेवलं तुम्ही तिथं?"

"यादी. नियम आहे."

"चाळीस वेळा लिहून ठेवलं पोरीला, की पुढे कोणी नाही म्हणून?"

"एक्केचाळीस," मी म्हणालो. ही सवय! रमानं हातातली पळी ओट्यावर आपटली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी ओला कपडा घेऊन यादी काढायला गेलो, तर डिंक इतका पक्का की कागद निघेना. नुसती अक्षरं फिस्कटली, तीही अर्धीच. पाठमोऱ्या जुईलीसमोर मी वीस मिनिटं दार घासत होतो. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवारी सकाळी माझी दाढी चालू असताना बेल वाजली. दार जुईलीनं उघडलं. बाहेर शाळेचे हेडमास्तर महादेवराव, पांढऱ्या कपड्यांत, टोपी हातात. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली भली मोठी पाटी. मागे नत्थुजी, मान खाली घालून.

"ताई," महादेवराव हळूच म्हणाले, "तुमी पोरीच्या आई का जी?"

मी आतून ऐकत होतो. ब्रश गालावरच थांबला. मग जुईली म्हणाली, "हो."

"लय वाईट झालं, ताई. शाळेत सगळ्यायले वाईट वाटलं. पोट्ट्यायनं दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वायली. आमी पुस्तकायचा कोपरा करून राहिलो, तिच्या नावानं." आणि त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. निळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांत होतं, 'कै. कु. जुईली स्मृती वाचन कोपरा'. चारी बाजूंना झेंडूची फुलं!

"जुईली तर मी आहे," जुईली म्हणाली.

महादेवरावांच्या हातून टोपी पडली. ते एकदम नत्थुजींवर उलटले. "अरे नत्थुजी, तू तं म्हटलं का पोरगी गेली!"

"मी कुठी म्हटलं गेली म्हनून! तुमी इचारलं, एवढी चांगली पुस्तकं काहून देऊन राहिले? मी म्हटलं, पोरीचं लय वाईट झालं. मंग मले रडू आलं, पुढचं बोलताच आलं नाई!"

"अन् त्या यादीत? वापरनारं कोनीच नाई, असं एक्केचाळीस खेपा लिवलं होतं! पुस्तकावर नाव कुमारी जुईली, दुसरी ब. मी काय समजू?"

म्हणजे इथंही मीच! अर्ध्या दाढीनिशी मी बाहेर आलो. नत्थुजींनी मला बघून हात जोडले आणि जुईलीला धीर द्यायला म्हणाले, "ताई, मेल्याची बातमी उठली का आयुष्य वाढते म्हंतात. आता शंभराले मरन नाई तुमाले!"

आणि जुईली हसली! तेवीस दिवसांनी पहिल्यांदा! आधी खुसखुस, मग पोट धरून. पाटीकडे बघायची आणि पुन्हा हसायची. मीही हसायला लागलो. आणि मग त्या हसण्याचं कधी रडणं झालं, ते कळलंच नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडली, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. दवाखान्यातसुद्धा ती अशी रडली नव्हती, असं स्वानंद म्हणाला होता. महादेवराव बिचारे घाबरून नखानं 'कै.' खरवडत होते. "पेंटरनं पक्का रंग लावला, ताई, निघूनच नाई राहिला!"

"खरवडू नका," जुईली नाक पुसत म्हणाली. "कोपरा राहू द्या. 'जुईलीच्या मुलीचा वाचन कोपरा', असं लिहून घ्या. तिचं नाव ठेवायचं राहिलं. मी येते तुमच्याबरोबर, पेंटरला नीट सांगते."

ती उठली, चप्पल पायात घालायला लागली. तेवढ्यात रमा आतून ओरडली, "अगं, बाळंतीण आहेस तू! सव्वा महिना घराबाहेर पडायचं नसतं!"

तेवीस दिवसांत हा शब्द आमच्यापैकी कुणी उच्चारला नव्हता. रमानं तोंडाला पदर लावला. जुईली तिच्याकडे बघत राहिली, चप्पल काढली, आणि जाऊन तिच्या गळ्यात पडली.

"बाबा," तिथूनच ती म्हणाली, "तुम्ही जा. पेंटरजवळ उभे राहा. आणि यादी करू नका!"

म्हणून मी निघालो. महादेवराव पुढे बसले, मी पाटी मांडीवर घेऊन मधल्या सीटवर. गुंडाळलेला कागद फाटला होता, त्यामुळे 'कै. कु.' सगळ्यांना दिसत होतं. नत्थुजी एरवी जीपमध्ये चौदा माणसं कोंबतात. बसस्टँडवर सगळे नेहमीसारखे घुसले, पाटी वाचली आणि आपसूक सरकले. शेजारच्या म्हातारीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि एका माणसाला दटावलं, "सरक ना रे तिकडं, पाटीले धक्का लागून राहिला!"

मी सांगायला तोंड उघडलं, की आजी, घोटाळा झाला आहे, ही जिवंत आहे. पण नुसती पाटीच सावरून धरली.

"कोन होती जी तुमची?" म्हातारीनं विचारलं.

"नात," मी म्हणालो.

"केवढी होती?"

"सात महिन्यांची."

तिनं पाटीला हात लावून तो कपाळाला लावला. जीपमधल्या सगळ्यांनी हात जोडले, आणि मी एवढा मोठा माणूस, तिथं अकरा लोकांसमोर हुंदके देऊन रडलो. खरं म्हणजे सात महिने पूर्ण नव्हते. चार दिवस कमी होते. पण मी सातच सांगितले.