दात आल्याचा दाखला

रिस्तेनच्या आठ महिन्यांच्या मुलीच्या, बिरेतच्या, तोंडात पाहण्यास घरात सर्वांना सक्त मनाई होती.

कारण साधं होतं. उत्तर ध्रुवाजवळच्या माळावर रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत बाळाचा पहिला दात ज्याला आधी दिसेल, त्यानं बाळाला एक मादी रेनडिअर द्यायची. तिच्यापासूनच पुढे बाळाचा स्वतःचा कळप वाढतो. पण वनस्पती-समतोल कार्यालयाच्या मते रेनडिअर माळावरचं पांढरं दगडफूल खाऊन संपवतात; सबब प्रत्येक घराच्या कळपाला मर्यादा घातलेली. रिस्तेनच्या घराची मर्यादा काठोकाठ भरली होती. बिरेतला एक जनावर द्यायचं, तर दुसरं एक कापायला हवं.

रिस्तेननं रीतसर अर्ज केला : 'एका दातापोटी एक रेनडिअर वाढवून मिळणेबाबत.' उत्तर आलं : 'दात आल्याचा दाखला जोडावा. दाखल्यावर दात प्रथम पाहणाऱ्याची सही असावी. पाहणाऱ्याने रेनडिअर देण्याची परवानगी आधीच घेतलेली असावी. परवानगीच्या अर्जासोबत दात आल्याचा दाखला जोडावा.'

तेव्हापासून नवऱ्याची आत्या, रावना, आभाळाकडे बघत बाळाला भरवी. निम्मी लापशी कानात जाई. नवरा अन्ते तर बाळ हसलं की पाठच फिरवी.

"हसू नको गं बये, तुझ्या हसण्याला अजून मंजुरी नाही," तो म्हणे.

रिस्तेनला मात्र पाजताना दात लागला होता. ती कळवळली, मग तिनं बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. पण लागला होता, दिसला नव्हता; आणि अर्जात 'लागला' असा रकाना नव्हता.

जुलैत कार्यालयाचे निरीक्षक त्वैतानसाहेब स्वतः आले. बारा वर्षांपूर्वी कार्यालयानं माळावर दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद तुकड्याला कुंपण घातलं होतं. आत कुठल्याही जनावराचं तोंड जाणार नाही, म्हणजे दगडफूल गुडघाभर वाढेल, आणि त्याचा फोटो लावून असले सगळे अर्ज कायमचे फेटाळता येतील, अशी योजना होती.

आत गुडघाभर नव्हे, डोक्यापर्यंत वाढलं होतं. पण ते भलतंच. विलो आणि खुरट्या भूर्जाचं घनदाट रान. दगडफूल औषधालाही नव्हतं.

"हे इथं कोणी लावलं?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब," अन्ते म्हणाला. "खायलाच कोणी नव्हतं. आमची जनावरं उन्हाळ्यात ही पानं ओरबाडतात, म्हणून झुडपं डोकं वर काढत नाहीत."

"म्हणजे तुमच्या जनावरांनी इथं कामचुकारपणा केला."

"तुम्हीच कुंपण घातलंत ना!"

"ती सबब झाली." साहेब मोजमापाला आत शिरले आणि हरवले. दहा पावलांच्या रानात ते पाऊण तास हाका मारत होते. शेवटी रिस्तेन कोयता घेऊन वाट काढत गेली. साहेबांचा कोट फांद्यांत असा गुंतला होता, की सोडवायला दोन्ही हात हवेत. कडेवर बिरेत. कोणीतरी तिला धरायलाच हवं होतं.

"जरा धरता का, साहेब?"

साहेबांनी धरलं. बिरेतनं त्यांचं पेन हिसकावलं, तोंडात घातलं आणि खुदकन हसली.

"अरे, दात!" साहेब ओरडले.

कुंपणाबाहेर पाठमोरी उभी असलेली आत्या कित्येक आठवड्यांनी वळली.

"अभिनंदन, भाऊ," ती म्हणाली. "कॉफी घ्या. आमच्या रीतीनं त्यात चीज घालू ना? आणि रेनडिअर कधी आणताय?"

"पण मी शासकीय कामावर..."

"दात खाजगी आहे. दाखल्यावर इथं सही करा."

घामाघूम साहेबांनी तीन दिवस नियम चाळले. मग कार्यालयीन आदेश निघाला : 'कुंपणातील झुडपे आटोक्यात आणण्यासाठी चल छाटणी-साधन, नग एक, कुमारी बिरेत यांस कायमस्वरूपी देण्यात येत आहे. सदर साधनास शिंगे असली तरी ते कळपात मोजू नये.'

साधन वर्षाचं होतं. रिस्तेननं त्याच्या कानावर बिरेतच्या नावाची खूण केली. पुढच्या उन्हाळ्याअखेर साधनानं कुंपणातली पानं फस्त केली. जमिनीला ऊन लागलं, आणि तळाशी नखाएवढं पांढरं दगडफूल दिसलं.

कार्यालयानं कुंपणाचा फोटो काढला आणि तो जगभर फिरला. केवढं हिरवंगार रान, एका जनावरानं उजाड केलं! निषेधाच्या चाळीस हजार सह्या आल्या. कार्यालयानं तो गठ्ठा जोडून साधनाचा खुलासा मागवला. साधनानं गठ्ठा खाल्ला.

त्यात तुमचीही सही होती. आठवत नाही? दगडफूल घातलेल्या मसाल्याची आमटी ओरपता ओरपता तुम्ही मोबाइलवर अंगठा टेकवलात.

त्वैतानसाहेबांनी त्याची नोंद घेतली आहे. दगडफूल खाणाऱ्यांची मर्यादा ठरवायला ते तुमच्याकडे निघाले आहेत. तोंड उघडून बसा.