टोरंटो ते अंजूर

आमच्या अंजूर गावात शेजारचे बाळारामकाका कोणालाही 'कसं काय' म्हणून विचारत नाहीत. ते विचारतात, "टोरंटोवरना विमानाला किती तास लागतात?" रिक्षावाल्याला, गोडाऊनच्या वॉचमनला, एकदा तर एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना भटजींनाही. स्वतः काका विमानात कधी बसलेले नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा, सचिनदादा, टोरंटोत असतो.

मी फारशी बोलत नाही. पण इंग्लिश मिडियमची म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला येतो.

"मध्ये एकदा विमान बदलून वीसेक तास, काका. साडेबारा हजार किलोमीटर आहे."

"विमानाचा भरवसा हाय मना. कशेळीच्या पुलाचा न्हाय. तिथं ट्रेलर आडवा झाला मंग?"

मग ट्रॅफिकचे तीन तास ते आपणच वाढवतात. मला वाटायचं, दादा सुट्टीवर येणार असेल.

गेल्या रविवारी मी बाजारातून परतले तर काकांच्या अंगणात ही गर्दी. मधोमध गावाची थंड पेटी. प्रेत ठेवतात ती, काचेची. माझ्या हातातली पिशवी सुटली, कांदे गडगडत गटारापर्यंत गेले. काकांची बहीण जनीआत्या हंबरडा फोडत होती, "सकाळीच माझ्याशी भांडला गो!" भजनवाले टाळ घेऊन हजर होते.

मी जीव मुठीत धरून पेटीत वाकून पाहिलं. आत कलिंगड होतं.

एवढ्यात घरातून काका चहाचा कप घेऊन बाहेर आले. "कोन गेला गो?"

आत्याचा हंबरडा अर्ध्यावरच थांबला. "मेल्या, जिता हायस तू?"

"टेस्टिंग चाललंय. लाईट गेली तं इन्व्हर्टरवर किती वेळ गार ऱ्हातंय, बघू दे."

शिव्या देत लोक पांगले. भजनवाले चहा पिऊनच गेले. मी कांदे गोळा करत राहिले. काकांनी कलिंगड कापून एक फोड माझ्यापुढे धरली. ती काही माझ्याच्याने खाववली नाही.

"तुझी काकू गेली तवा भावकी थांबली न्हाय," ते एकदम म्हणाले. "पोरगा आला तवा राख गार झाली व्हती. आयचं तोंड न्हाय बघितलं त्यानं. माझं तरी बघू दे."

 मी शेवटचा कांदा पिशवीत टाकला.

"माझं झालं का फोन तूच कर त्याला. तुझ्याकडं नंबर हाय. आनि भावकीला आधीच सांगून ठेव, किती थांबायचं ते. विमानाचे वीस, कशेळीचे तीन, तिकिटाच्या धावपळीचे बारा. वर आठ धर."

"हे आठ कसले, काका?"

"मी हितं दिवसाचा गेलो तं तिकडं रात असंल ना? तवा लगेच उठवू नको त्याला. झोप पुरी होऊ दे."